पाणी कोणाकडे मागायचं, कधी मागायचं: महाराष्ट्रातल्या सिंचन आणि पाणीपुरवठा व्यवस्थेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

धरणातल्या पाण्याचा हिशेब ऑक्टोबरमध्ये ठरतो आणि तक्रारी मार्चमध्ये सुरू होतात. मधल्या महिन्यांत कोणता कागद कुठे जातो, कोणत्या बैठकीत काय ठरतं, हे ज्यांना ठाऊक असतं त्यांच्या चारीला, म्हणजे शेताकडे येणाऱ्या छोट्या पाटाला, पाणी वेळेवर येतं. बाकीचे पाणी सुटल्यावर धावपळ करतात. तोवर पाळीपत्रक, म्हणजे कोणाला पाणी कधी याची यादी, लागलेलं असतं आणि त्यात आपलं नाव नसतं.

वडिलांनंतर शेतीचा कारभार हाती आलेले, धरणाच्या लाभक्षेत्रात (कालव्याखाली भिजणाऱ्या भागात) नुकतीच जमीन घेतलेले, ग्रामपंचायतीवर पहिल्यांदा निवडून आलेले किंवा पाणी वापर संस्थेत नवे संचालक झालेले, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने वाचा, पण तुमचा प्रश्न फक्त गावच्या नळाचा असेल तर थेट सातव्या पायरीवर गेलात तरी चालेल.

पायरी 1: आपलं पाणी कोणाच्या अखत्यारीत आहे ते शोधा

मोठी आणि मध्यम धरणं, त्यांचे कालवे आणि नदीवरचे बरेचसे बंधारे जलसंपदा विभागाकडे आहेत. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘पाटबंधारे खातं’च आहे, आणि ते समजून घ्यायला सोपंही आहे. या विभागाखाली खोऱ्यांप्रमाणे पाच महामंडळं आहेत: कृष्णा खोरे (पुणे), गोदावरी मराठवाडा (छत्रपती संभाजीनगर), तापी (जळगाव), विदर्भ (नागपूर) आणि कोकण (ठाणे). प्रकल्प बांधणं, निधी आणणं हा महामंडळांचा मूळ उद्योग. तुमच्या रोजच्या कामाचा माणूस मात्र तिथे बसत नाही.

रोजची उतरंड अशी असते: चारीवर पाणी वाटणारा पाटकरी, त्याच्यावर कालवा निरीक्षक, मग सिंचन शाखेचा शाखा अभियंता, उपविभागात उपविभागीय अभियंता आणि विभागात कार्यकारी अभियंता. पाळीचं वेळापत्रक, अर्ज, भिजलेल्या क्षेत्राची मोजणी, पाणीपट्टी ही कामं शाखा आणि उपविभाग या दोन ठिकाणीच होतात. म्हणून पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारून घ्या: माझा गट क्रमांक कोणत्या वितरिकेवर (कालव्याच्या फाट्यावर), कोणत्या विमोचकावर (शेतचारीला पाणी सोडणाऱ्या दारावर) आहे आणि ती वितरिका कोणत्या शाखेत येते? हे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक कागदावर ते लागतं.

लहान कामांचं खातं वेगळं. 600 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव आणि बंधारे मृद व जलसंधारण विभागाच्या कक्षेत येतात, आणि त्यातले अगदी छोटे जिल्हा परिषदेकडे. त्यामुळे गावच्या पाझर तलावाची तक्रार घेऊन कालव्याच्या शाखेत गेलात तर तिथला माणूस काही करू शकणार नाही, त्याची इच्छा असली तरी.

पिण्याच्या पाण्याचं दार तिसरं: पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग. त्याखाली महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि शेवटी ग्रामपंचायत. शहरात महापालिका किंवा नगरपालिका. भूजलाचं काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाहते. निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चारदा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. औद्योगिक वसाहतींना बहुतेक ठिकाणी औद्योगिक विकास महामंडळाच्या योजनांतून पाणी मिळतं.

या सगळ्यांवर 2005 च्या कायद्याने आलेलं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. पाण्याचे ठोक, म्हणजे घाऊक, दर ते ठरवतं आणि खोऱ्यातल्या वाटपाचे वादही त्याच्याकडे जातात.

पायरी 2: आकडे वाचता यायला हवेत

बैठकीत टीएमसी, दलघमी आणि क्यूसेक हे तीन शब्द सतत येतात. पहिले दोन साठ्याचे. 1 टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, सुमारे 28.3 दलघमी (दशलक्ष घनमीटर), लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे 2,830 कोटी लिटर. क्यूसेक हा वाहत्या पाण्याचा वेग: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे 28.3 लिटर.

हे शेतावर आणून पाहा. चारीतून एक क्यूसेक पाणी अखंड 24 तास वाहिलं तर सुमारे 24.5 लाख लिटर होतं. एका हेक्टरवर साडेसात सेंटिमीटर पाणी उभं करायला साडेसात लाख लिटर लागतात. म्हणजे शेताच्या तोंडाशी खरोखर एक क्यूसेक मिळत असेल, तर एकराला साधारण तीन तास पुरतात. तुम्हाला सहा तास लागत असतील तर चारीत अर्धं पाणी कुठेतरी मुरतंय किंवा कोणीतरी वाटेत घेतंय. शाखेत जाऊन ‘पाणी कमी येतं’ म्हणण्यापेक्षा हा हिशेब मांडा. समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

दुसरी गल्लत टक्केवारीची. धरणाची टक्केवारी बहुधा उपयुक्त साठ्याची असते. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, पण त्यातला उपयुक्त जेमतेम 54 टीएमसीच्या आसपास, उरलेला मृतसाठा, म्हणजे धरणाच्या तळाचा. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी वजा वीस टक्के’ अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून उचल चाललेली असते. त्या पाण्यावर शेतीचं आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची फेरी) मिळण्याची आशा मात्र धरू नये.

पायरी 3: 15 ऑक्टोबरच्या आधी जागे व्हा

पाटबंधाऱ्याचं वर्ष तीन हंगामांचं. खरीप 1 जुलै ते 14 ऑक्टोबर, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी 1 मार्च ते 30 जून. पावसाळा सरल्यावर 15 ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते पाहून पुढच्या साडेआठ महिन्यांचा आराखडा बनतो. पहिल्यांदा पिण्याचं पाणी पुढचा पावसाळा धरेपर्यंत राखून ठेवतात. मग बाष्पीभवन आणि कालव्यातला तोटा वजा करतात. उरलेल्या पाण्यात रब्बीची किती आणि उन्हाळ्याची किती आवर्तनं बसतात ते कालवा सल्लागार समितीत ठरतं. मोठ्या प्रकल्पाच्या समितीचं अध्यक्षपद बहुधा पालकमंत्र्यांकडे असतं. आमदार, अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसतात.

या बैठकीची बातमी दोन ओळींत येते: ‘रब्बीला दोन, उन्हाळ्याला एक आवर्तन’. त्या दोन ओळींवर तुम्ही गहू पेरायचा की हरभऱ्यावर थांबायचं हे अवलंबून आहे. एकच आवर्तन असेल तर उसाची नवी लागण करू नका, शेजाऱ्याने केली तरी. मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते अशा शेतांकडे पाहून, जिथे लागण डिसेंबरात झाली आणि समितीचा निर्णय कोणी विचारलाच नाही.

खोऱ्यात पाणी कमी असलेल्या वर्षी आणखी एक नियम लागू होतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातलं कलम 12(6)(ग) सांगतं की टंचाई वरच्या आणि खालच्या धरणांनी सारखी वाटून घ्यायची. गोदावरी खोऱ्यात 2014 च्या आदेशाने याला आकार आला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं गणित सुरू होतं. तुमची जमीन वरच्या धरणाच्या लाभक्षेत्रात असेल तर हे पाणी आपल्या आवर्तनातून जाणार, आणि खाली असेल तर ते नदीपात्रातून येताना किती पोहोचतं, हे दोन्ही बाजूंनी आधीच धरून चाला. वरच्याला हा अन्याय वाटतो आणि खालच्याला हा उशीर वाटतो. माझं मत विचाराल तर नियम योग्य आहे. त्याची अंमलबजावणी दर वेळी नोव्हेंबरपर्यंत रेंगाळते, ते थांबायला हवं.

पायरी 4: अर्ज भरा, मुदतीत भरा

समितीनंतर विभाग जाहीर प्रकटन काढतो. ते वर्तमानपत्रात येतं, शाखेच्या फलकावर लागतं, हल्ली गावच्या व्हॉट्सअॅप गटातही फिरतं. त्यात हंगाम, पिकं, शेवटची तारीख आणि अटी असतात. पाणी मागणीचा अर्ज नमुना क्रमांक 7 वर भरायचा.

नाव, गाव, गट क्रमांक, विमोचक, पीक, क्षेत्र एवढंच त्यात असतं. चुका तरी होतातच. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात आणि अर्जात एकाचंच क्षेत्र पूर्ण लिहिलं जातं. किंवा दोन एकराला पाणी घ्यायचं असून एक एकर लिहितात, पाणीपट्टी वाचवायला. मोजणीत ते उघडं पडतं. मंजुरीपेक्षा जास्त किंवा मंजुरीवाचून भिजवलेलं क्षेत्र अनधिकृत धरून दंडाच्या दराने आकारणी होते. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट जातात.

थकबाकी असेल तर अर्ज अडतो. पूर्ण रक्कम एकदम जमत नसेल तर मुदत संपायच्या आधी उपविभागात जाऊन हप्त्यांबद्दल विचारा. आणि अर्ज दिल्यावर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज पाळी चुकल्यावर काही कामाचा नाही.

उपसा योजनेवर असाल तर गणितात वीज येते. टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या योजनांत पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढतं. शासनाच्या धोरणाप्रमाणे वीजबिलाचा 81 टक्के भार शासन उचलतं आणि 19 टक्के लाभधारकांच्या पाणीपट्टीतून यायला हवा. वसुली रखडली की पंप सुरू होण्याची चर्चाही रखडते. म्हणून अशा गावांत पाणीपट्टी भरणं हा एकट्याचा प्रश्न राहत नाही.

पायरी 5: पाळीच्या दिवशी चारीवर असा

आपल्याकडची पद्धत शेजपाळीची. आवर्तन सुटल्यावर पाणी मंजूर शेतांना एका ओळीत देत जायचं, आणि ती ओळ चारीच्या शेपटाकडून सुरू करायची. यालाच ‘टेल टू हेड’ म्हणतात. आधी शेवटच्याला, मग वर वर. कारण उघड आहे: तोंडाकडच्याला पाणी केव्हाही मिळू शकतं, शेपटाकडच्याला प्रवाह पूर्ण असतानाच मिळतं. हा क्रम जिथे पाळला जातो तिथली भांडणं निम्म्याने कमी असतात.

प्रत्यक्षात काय होतं? पाणी सुटतं तेव्हा तोंडाकडची दारं थोडी थोडी उघडी असतात. कुणी दगड सरकवलेला, कुणी पोत्याचा बोळा काढलेला, कुठे पाइप कालव्यात टाकून मोटार लावलेली. प्रत्येक ठिकाणी सेकंदाला चारदोन लिटर जातात आणि शेवटच्या विमोचकावर पोहोचेपर्यंत पाणी निम्म्यावर आलेलं असतं. पाटकरी एक, चारी कितीतरी किलोमीटर. शिवाय मंजूर झालेली पदं भरलेलीच असतात असं नाही.

म्हणून हे करा. आवर्तनाच्या आठवडाभर आधी आपली शेतचारी साफ करा. हा अर्जाच्या अटींतलाच भाग आहे, आणि गवताने भरलेल्या चारीत पाणी पसरतं, पुढे सरत नाही. पाळीपत्रक शाखेत किंवा संस्थेत पाहून आपला दिवस, तास आणि आपल्या आधीचं नाव टिपून घ्या. आधीच्याचं शेत भिजायला आलं की तुम्ही तिथे असलं पाहिजे, रात्री दोनची वेळ असली तरी. रात्रपाळी नाकारता येत नाही. नाकारलेलं पाणी ओढ्याला जातं आणि पाळीचं पाणी वाया घातल्याची नोंद होते. एकट्याने जाऊ नका. बॅटरी, फावडं आणि एक सोबती घेऊन जा. अंधारात दारावर एकट्याने वाद घालणं धोक्याचं आहे.

आपली पाळी संपली की आपलं दार स्वतः बंद करा आणि पुढच्याला फोन करा.

पायरी 6: पाणी वापर संस्था असेल तर तिथेच जा

2005 मध्येच आणखी एक कायदा झाला, शेतकऱ्यांनी सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन करण्याचा. त्याने हिशेबाची रीतच बदलली. एखाद्या लघुवितरिकेचं क्षेत्र संस्थेकडे गेलं की विभाग तिथल्या शेतकऱ्याला वैयक्तिक पाणी देत नाही. संस्थेला घनमापाने, म्हणजे मोजून पाणी देतो. आत कोणाला किती, केव्हा आणि कोणत्या पिकाला हे संस्था ठरवते. पिकाचं स्वातंत्र्य आलं, सोबत हिशेबाची जबाबदारीही आली. संचालक मंडळात तोंड, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांना जागा असतात. महिलांसाठीही जागा राखीव असतात. पुच्छ भागातल्या जागेवर त्याच भागातला, तिथे रोज जाणारा माणूस निवडून आणा. या संस्थांचं यश तिथे ठरतं.

नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर हे घडलेलं आहे. तिथे सुरुवात शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी केली, कारण त्यांना पाणीच मिळत नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने त्यांना संघटित केलं. पुढे संस्था कालव्यावर वरपर्यंत पसरल्या आणि त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला. उलट क्रमाने, म्हणजे तोंडाकडून संस्था सुरू करण्याचे प्रयत्न कागदावर राहिलेले मी पाहिले आहेत. ज्याला आधीच पाणी मिळतं त्याला मोजमाप नको असतं.

नव्या संचालकासाठी दोन कामं सर्वांत आधी. एक, वितरिका ताब्यात घेण्यापूर्वी संयुक्त पाहणीत स्वतः शेवटपर्यंत चालत जा. फुटलेलं अस्तर, गंजलेलं दार, खचलेला भराव, बुजलेली मोरी, सगळं साखळी क्रमांकासह (कालव्यावरचं अंतर दाखवणाऱ्या आकड्यासह) लिहून घ्या आणि दुरुस्तीशिवाय करारनाम्यावर सही करू नका. सही झाली की ती मोडतोड संस्थेची होते.

दुसरं, फ्ल्यूम, म्हणजे पाणी मोजायची जागा, वाचायला शिका. वितरिकेच्या तोंडाशी काँक्रीटचा अरुंद केलेला भाग असतो, कडेला सेंटिमीटरची पट्टी. पट्टीवरची पातळी वाचायची आणि तक्त्यात पाहायची, की सेकंदाला किती लिटर पाणी जातंय ते कळतं. यात एक खोच आहे. फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला गवत किंवा गाळ असेल तर पाणी मागे तुंबतं, पट्टीवर पातळी चढते आणि आकडा वाढतो. पाणी तेवढं गेलेलं नसतं, पण बिल तेवढ्याचं येतं. म्हणून फ्ल्यूमच्या खालचा भाग प्रत्येक आवर्तनाआधी साफ करायचा आणि पट्टीची नोंद दिवसातून निदान दोनदा, विभागाच्या माणसाच्या सहीसह, संस्थेच्या वहीत करायची. त्या वहीवरच वर्षाचा हिशेब उभा राहतो.

हा शहाणपणा काही नवा नाही. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम, गिरणेच्या काठी फड पद्धतीत शेतकरी बंधाऱ्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः वाटत आले. एका फडात एकच पीक, पाटकरी आणि जागल्या गावाने नेमलेले, पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून.

पायरी 7: नळाचं पाणी

गावाची योजना स्वतंत्र आहे की प्रादेशिक, हे आधी पाहा. स्वतंत्र योजनेत विहीर, पंप, टाकी, नळ सगळं ग्रामपंचायतीचं. प्रादेशिक योजनेत एका उद्भवावरून (पाण्याच्या मूळ स्रोतावरून) अनेक गावांना पाणी जातं: धरणातली किंवा नदीतली जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), जलशुद्धीकरण केंद्र, मुख्य संतुलन टाकी, तिथून गावोगावचे जलकुंभ. साधारण विभागणी अशी की गावच्या जलकुंभापर्यंतचं काम योजना चालवणाऱ्या यंत्रणेचं आणि जलकुंभापासून घरापर्यंत ग्रामपंचायतीचं. टाकीत पाणी पडतं का, हे आधी वर चढून पाहा किंवा टाकीचा गेज बघा. टाकी भरते आणि नळ कोरडा, तर दोष गावात आहे. टाकीच भरत नसेल तर वर जा.

जलजीवन मिशनचं मोजमाप माणशी दिवसाला 55 लिटर आहे. 2,000 वस्तीच्या गावाला रोज 1 लाख 10 हजार लिटर हवेत. जलकुंभ किती लिटरचा आणि दिवसातून किती वेळा भरतो, एवढं समजलं की कमतरता किती ते ग्रामसभेत पाच मिनिटांत मांडता येतं.

प्रादेशिक योजनांतही शेपटाचा प्रश्न तोच, फक्त चारीऐवजी पाइप. टोकाच्या गावाच्या आधीच्या वाहिनीवर बेकायदा जोड घेतलेले असतात. थकलेलं वीजबिल आणि थकलेली पाणीपट्टी हे दुसरं दुखणं. योजनेचं पाणी जलसंपदा विभागाकडूनच येतं आणि त्यासाठी मंजूर आरक्षण, करारनामा आणि ठोक दराने आकारणी असते, हे अनेक सदस्यांना पहिल्यांदाच कळतं.

शुद्धतेकडे जलसुरक्षक पाहतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शिल्लक आहे का, ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलाय का हे पाहणाऱ्या) नळाच्या पाण्याला पिवळा रंग येतो का, हे आठवड्यातून एकदा त्याच्या सोबत उभं राहून बघा. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या गावाला कोणतं मिळालं आणि का, ते ग्रामसेवकांकडे मागा.

उन्हाळ्याच्या तयारीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय टंचाई कृती आराखडा बनवतं. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. विंधन विहिरीची दुरुस्ती, खासगी विहिरीचं अधिग्रहण, टँकर ही कामं त्यातूनच मंजूर होतात. टँकर लागणार हे गावाला जानेवारीत दिसत असतं. ठराव तेव्हाच करा आणि पंचायत समितीत द्या.

पायरी 8: अडलं तर

तक्रार लेखी द्या, खालून सुरुवात करा. संस्था असेल तर आधी संस्थेकडे, मग शाखा, उपविभाग, विभाग. तक्रारीत विमोचकाचा क्रमांक, पाळीची तारीख आणि तास, पट्टीची पातळी लिहा. फोटो असेल तर वेळेसह जोडा. 1976 च्या पाटबंधारे अधिनियमाने कालवा अधिकाऱ्याला अनधिकृत उपसा थांबवण्याचे आणि दंडाचे अधिकार दिलेले आहेत. त्याने ते वापरावेत अशी मागणी करणं हा तुमचा हक्क आहे. हक्काच्या पाण्यावरून संस्थेचा वाद मिटत नसेल तर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याखाली प्राथमिक विवाद निवारण अधिकारी असतात. पुढची पायरी प्राधिकरण.

आवर्तनाचं पाणी एकदा वाहून गेलं की परत येत नाही, म्हणून पाळी सुरू असतानाची तक्रार त्याच दिवशी शाखेत पोहोचवून पोच घ्या. हंगामानंतरची तक्रार पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी ठेवा, आणि मे महिन्यात कालवा कोरडा असताना शाखा अभियंत्यांना सोबत घेऊन त्या जागा दाखवा. गळती आणि खचलेला भराव तेव्हाच दिसतो. पावसापूर्वी दुरुस्ती करून घ्यायला तेवढेच दिवस हाती असतात.